समुद्रातली रेंज

क्रूझवर वायफाय पॅकेज न घेणारा प्रवासी त्याला 'डिजिटल डिटॉक्स' म्हणतो. त्याच जहाजाच्या खालच्या डेकवर राहणारा गोव्याचा वेटर डेटा संपला म्हणून मुलीचा व्हिडिओ कॉल अर्ध्यावर तोडतो. त्याला काय म्हणायचं?

पूर्वी सिग्नल ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहापर्यंत जाऊन यायचा. महागाईला निमित्त तरी होतं. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत. सागरी श्रम कराराची डिसेंबर २०२४ पासून लागू झालेली दुरुस्ती सांगते, की खलाशांना शक्यतो इंटरनेट द्यावं, पैसे घेतलेच तर वाजवी घ्यावेत. (तेही मार्गदर्शक सूचनेत, सक्तीच्या भागात नाही.) पण वाजवी कोणाच्या खिशाला? प्रवाशासाठी जहाज म्हणजे आठवड्याची सुट्टी. वेटर तिथे कित्येक महिने राहतो. राहत्या घरातून बायकोशी बोलायचे पैसे मालकाने घेणं मला स्वस्तातही पटत नाही.