डब्यात आधी काय होतं?

चि. सौ. भाचीस,


तुझं पत्र पोचलं. घरात मांडणी अपुरी पडते आणि तेलाचे कॅन, बरण्या, आइस्क्रीमचे डबे साठलेत, ते भंगारात घालू की वापरू, असं विचारलं आहेस. वापर, जरूर वापर. पण त्याच पत्रात ओघात एक ओळ लिहिलीस, ती वाचली आणि बाकीचं मागे पडलं. शेतावरच्या फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन धुऊन त्यातून मजुरांसाठी पाणी नेतात म्हणे. तू रावेरला केळीवाल्या घरात दिली आहेस, मी इकडे बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपुरात. दोन्हीकडे मळे तेच आणि औषधंही तीच. म्हणून आधी हेच लिहिते.

तो कॅन कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याचा होत नाही. औषध प्लॅस्टिकच्या अंगात मुरतं. साबण, राख, गरम पाणी कशानेच ते पुरतं निघत नाही. वास गेला म्हणजे विष गेलं असं नाही. त्याचं लेबल नीट पाहा. शंकरपाळ्यासारखी एक चौकट असते, तिचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा दिसला म्हणून कुणी निर्धास्त होतं, पण तोही विषाचाच रंग आहे, फक्त उतरता. 1971 च्या कीटकनाशक नियमांतही लिहिलंय की अशी रिकामी भांडी पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून फोडून वस्तीपासून लांब पुरावीत. औषध संपलं की कॅन तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं. विहिरीजवळ किंवा पाटात मुळीच नाही.

आता घरातल्या डब्यांचं. तळाशी बाणांच्या त्रिकोणात आकडा असतो. 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पारदर्शक प्लॅस्टिक, 2 जाड आणि धुरकट, 5 बहुतेक झाकणाच्या डब्यांचं. पण हा आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो, डब्यात काय होतं ते सांगत नाही. औषधाच्या कॅनवरही 2 असू शकतो. तेव्हा आकड्याआधी डब्याचा इतिहास विचार. खाण्याचं होतं तर खाण्याला चालेल. रंगाची बादली, फिनाइलची बाटली यांना स्वयंपाकघराची पायरी चढू देऊ नकोस. खिळे, दोऱ्या, झाडांची माती यांना त्या उत्तम. आणि उलटंही तितकंच जप: सरबताच्या बाटलीत फिनाइल, ॲसिड किंवा रॉकेल कधीही ओतू नकोस. तहानलेलं लेकरू बाटली ओळखतं, आतलं ओळखत नाही.

तेलाचा पाच लिटरचा कॅन ओशट राहतो. त्यात मूठभर डाळीचं पीठ टाकून झाकण लावून खळखळव, पीठ तेल ओढून घेतं. मग कोमट पाणी आणि भांड्याचा साबण. उकळतं पाणी नको, पातळ प्लॅस्टिक आक्रसतं. झाकण वेगळं काढून सावलीत उपडा ठेव, आत ओलीचा ठिपकासुद्धा राहता कामा नये. पावसाळ्यात डाळीला बुरशी धरते ती अशा ओलीनेच. मूठ शाबूत ठेवून खालचा भाग तिरका कापलास की पीठ आणि धान्य काढायला छान खोरं होतं. कडा पॉलिश पेपरने घास, हात कापतो. दुसरा कॅन आडवा कापून त्याला भोकं पाड, कांदे-लसणाला वारा लागतो.

डाळी, शेंगदाणे, बिबडे, कुरडया कोरड्या डब्यांत खुशाल भर. झाकणावर भरल्याची तारीख लिही आणि जुनं आधी संपव. लोणचं आणि गरम तेल मात्र यांत नको. लोणच्याला आपली चिनी मातीची बरणीच बरी.

आता साठवलेल्या पाण्याचं. पाण्याबद्दल आम्ही इथले लोक जास्त हळवे आहोत. बुऱ्हाणपुरात 1615 च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात डोंगरातलं पाणी भुयारांतून शहरात आणलं, तो कुंडी भंडारा अजून पाहायला मिळतो. जुलै 2022 मध्ये हाच बुऱ्हाणपूर जिल्हा देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला. तरी पाणी भरून ठेवायची सवय आम्हां बायकांची सुटलेली नाही, आणि ती वाईटही नाही. फक्त पिंप झाकलेलं असावं, आठवड्यातून एकदा घासावं. उघड्या साठवणीत डेंग्यूचे डास होतात.

आणि सगळंच जपून ठेवायचा सोस नको. चिरलेला, पिवळा पडलेला, ठिसूळ झालेला डबा भंगारात दे. लागतील तेवढेच ठेव.

सासूबाईंना हे पत्र वाचून दाखव, त्या ऐकणाऱ्या आहेत. मजुरांसाठी मातीचा माठ किंवा स्टीलची कळशी उद्याच शेतावर धाड, आणि तो औषधाचा कॅन आज संध्याकाळीच फोडून टाक. फोडलास की मला कळव.

तुझी,
मावशी
बहादरपुर