दुसऱ्याच्या मेजावरील काम

कळंबोलीच्या पोलाद बाजारापासून थोड्याच अंतरावर तळोजा मध्यवर्ती कारागृहाची भिंत आहे. अशा भिंतीआडच्या बंदिवानांची आठवण आपणांस होते. परंतु त्यांच्या दिवसांचा हिशेब ठेवणारा कारकून क्वचितच आपल्या मनात येतो. म्हणून आज आम्ही वाचकांपुढे एक प्रश्न ठेवितो. समजा, कोणा तुरुंगातील असा कारकून आजारीपणामुळे रजेवर गेला व त्याचे काम शेजारच्या सोबत्याकडे आले. तर त्या सोबत्याचे कर्तव्य किती? काम कसेबसे रेटण्यापुरते, की मूळ माणसाइतके पूर्ण?

“तो आल्यावर पाहील,” असे म्हणणे सोपे आहे, व त्यात थोडा न्यायही आहे. कारण वेतन एकाचे आणि ओझे दोघांचे. परंतु ते ओझे कसले आहे, हे आधी पाहिले पाहिजे. १८९४ च्या तुरुंग कायद्याने ज्या वह्या ठेवावयास सांगितल्या, त्यांत प्रत्येक कैद्याची सुटका केव्हा व्हावयाची हे दाखविणारी एक वही होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ असे सांगते की, काही अपवाद वगळता, कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा निम्मा काळ, आणि पहिलाच गुन्हा असल्यास एक तृतीयांश काळ, तुरुंगात काढिला की अधीक्षकाने न्यायालयाकडे तत्काळ लेखी अर्ज करावा. आता दिवस कोणी मोजिलेच नाहीत, तर अर्ज जाईल कसा? कारकून रजेवर जातो; कैद्याच्या दिवसांना रजा नसते.

बिहारातील रुदुल साह १९६८ साली निर्दोष ठरला. तो सुटला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी! १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यास पूर्वीच्या ५,००० रुपयांखेरीज आणखी ३०,००० रुपये देवविले. पण गेलेली चौदा वर्षे कोण देणार? असा अन्याय घडण्यास क्रूर हातच लागतो असे नाही. ‘दुसरा कोणी पाहील’ एवढे प्रत्येकाने मानिले तरी पुरे होते.

योसेफाचा वृत्तांत आपणांस ठाऊक आहे. बंदिशाळेचा कारभार वस्तुतः अधिकाऱ्याचा; तो योसेफाकडे आला, आणि त्याने तो आपला म्हणून केला. पण तोच योसेफ प्यालेबरदार विसरल्यामुळे पुढे दोन वर्षे बंदीतच राहिला. आठवण ठेवणे व विसरणे यांतील अंतर किती, हे त्यास पुरते कळले असेल.

तथापि पूर्ण कर्तव्य म्हणजे मुकाट्याने मोडून पडणे नव्हे. बदलीवर बसलेल्याने गैरहजर माणसाच्या नावाने सही करू नये. आपलेच नाव व तारीख लिहावी. ज्या कागदावर कोणाची सुटका अडली आहे, तो प्रथम हाती घ्यावा. दोन माणसांचे काम एकाने होत नसेल, तर तसे वरिष्ठांस त्याच दिवशी लेखी कळवावे. कारण न झालेले काम झाकणे, हे ते न करण्याहून वाईट. आणि सोबती परत आल्यावर त्यास दोष न देता हिशेब सोपवावा.

वाचकहो, आपल्या हाती तुरुंगाच्या किल्ल्या नाहीत. पण दूध सोसायटीची वही, बचत गटाचा हिशेब, शाळेचा हजेरीपट, यांपैकी काहीतरी चार दिवसांसाठी आपल्याकडे येतेच. ते येईल तेव्हा ‘हे कोणाचे काम?’ असे न विचारता, ‘या पानावर कोणाचे नाव आहे?’ असे विचारावे, इतकेच आमचे मागणे आहे.