पाणी कुठे मुरतंय

एखाद्या व्यवहाराचा संशय आला की आपण मराठीत म्हणतो, 'कुठेतरी पाणी मुरतंय.' हिंदीला अशा वेळी डाळीत काहीतरी काळं दिसतं. आपल्याला पाणी दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच संशय येतो. या वाक्प्रचाराची एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. तो नेहमी दुसऱ्याबद्दल वापरला जातो. 'माझ्याकडे पाणी मुरतंय' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मी वडोदऱ्यात एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते आणि गुजरातीतून मराठीत अनुवाद करते. माझ्या खालच्या घरात एक सत्तरीच्या बाई एकट्या राहतात. सगळी इमारत त्यांना मासी म्हणते. गेल्या ऑगस्टमध्ये त्या जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, ''बेन, मारे त्यां छतमां भेज आवे छे.'' भेज म्हणजे ओल. मी म्हटलं, ''पावसाचं असेल, मासी.'' ऑगस्टमध्ये हे उत्तर कुणालाही पटतं. पावसाळा म्हणजे सगळ्या इमारतीला एकदम मिळालेला जामीनच.

मी खाली जाऊन पाहिलंही होतं. डाग हॉलमध्ये, पंख्याच्या हुकाभोवती होता. त्याच्या वर माझी पुस्तकांची खोली आहे. मोरी तिथून आठ-दहा फूट लांब. म्हणजे माझा संबंध नाही, असं मी मासींना समजावून सांगितलं, आणि ते सांगताना माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. पाणी स्लॅबमधून सरळ खाली येत नाही, ते विजेच्या तारांच्या नळीतून वाट काढत जातं आणि जिथे तोंड मिळेल तिथे, बहुधा पंख्याच्या हुकापाशीच, बाहेर पडतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण ठाऊक करून घ्यायला किती वेळ लागला असता?

अनुवादात हे रोज घडतं. एकशे चाळिसाव्या पानावर वाक्य अडखळतं, आणि दोष असतो बाराव्या पानावर निवडलेल्या एका शब्दात. संपादकाने खूण केली की 'मूळ लेखकाची शैलीच तशी आहे' हा आमचा पावसाळा.

दिवाळीत मी दहा दिवस पुण्याला होते. परत आले तर मासी खुशीत. म्हणाल्या, तुम्ही नव्हता तेव्हा छत चांगलं कोरडं पडलं होतं. त्यांनी हे कुठल्याही रोखाने म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, ''ऊन पडायला लागलंय ना आता.'' या वेळी मात्र बोलताना माझा त्यावर विश्वास नव्हता. पुढच्या आठवड्यात ओल परतली आणि मासींनी पंखा लावणं बंद केलं. तारेपाशी पाणी, त्यांना भीती वाटत होती. गुडघ्याच्या दुखण्यामुळे दिवसभर घरात बसून असलेली बाई आता वर्तमानपत्राने वारा घेत होती.

विल्यम किंग्डन क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाचा 'द एथिक्स ऑफ बिलीफ' नावाचा १८७७ सालचा निबंध आम्हाला कधीकाळी वर्गात वाचायला होता. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, शंका आहे, पण तपासणीला खर्च येतो. तेव्हा तो स्वतःची समजूत घालतो की इतक्या सफरी निभावल्या, ही पण निभावेल. हळूहळू त्याला ते मनापासून पटतं. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक असला तरी तो दोषी आहे, कारण तसा विश्वास ठेवायचा त्याला अधिकारच नव्हता. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी ठरला असता.

विद्यार्थीदशेत मला हे फार कठोर वाटलं होतं. आजही पूर्ण पटत नाही. प्रत्येक घरात काही ना काही झिरपत असतं. सतत स्वतःच्या फरशा ठोकून पाहणाऱ्या माणसाला आपण नीतिमान म्हणणार नाही, डॉक्टरकडे नेऊ. मला वाटतं, दुसरा माणूस येऊन 'माझ्याकडे ओल येते' म्हणतो, तिथून शोधण्याचं कर्तव्य सुरू होतं. त्या क्षणापर्यंत माझं अज्ञान हे साधं अज्ञान होतं. त्यानंतर ते मी राखलेलं अज्ञान झालं.

शेवटी नोव्हेंबरात मी शोधायचं ठरवलं, पण प्लंबरला बोलावण्याआधी, एकटीने. लोकांना सांगायला कारण तयार होतं, आणि ते खोटंही नव्हतं: प्लंबरला नेमकं दाखवता आलं नाही तर तो सगळी फरशी फोडायला निघतो. पण प्लंबर आला असता तर मासीही वर आल्या असत्या आणि उत्तर दोघींना एकदमच कळलं असतं. एकटीने शोधलं तर ते आधी मला कळणार होतं. क्लिफर्डचा जहाजमालक तपासतच नाही. तपासायचं, पण निकाल आपल्या मुठीत राहील अशा बेताने, या माणसाबद्दल क्लिफर्ड त्या गोष्टीत काही सांगत नाही.

शोधण्याचं तंत्र सोपं आहे. येणाऱ्या पाण्याच्या नळीत दाब असतो, म्हणून ती फुटली तर चोवीस तास गळते, कुणी वापरो न वापरो. जाणाऱ्या पाण्याची वाट गळते ती फक्त वापरल्यावर. आमच्याकडे घरटी मीटर नाहीत, नाहीतर सगळे नळ बंद करून काटा फिरतो का एवढं पाहून अर्धं उत्तर मिळालं असतं. मी सगळे जोड फडक्याने कोरडे करून रात्री त्यांखाली वर्तमानपत्रं अंथरली. बेसिनखालचा एक जोड सेकंदाला एक थेंब टाकत होता. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर. वायसर बदलला आणि फार हलकं वाटलं: सापडलं, किरकोळ होतं, मिटलं. पण तो थेंब पडत होता बादलीत. बादलीतलं पाणी मासींच्या छतात जात नाही, हे समजायला मला दोन दिवस लागले. आपल्याला सोसेल एवढी चूक सापडली की आपण शोध थांबवतो.

मग मोरी. सोमवारी रात्री नहाणी ट्रॅपमध्ये फडकं कोंबून बोळा बसवला, फरशीवर दोन बोटं पाणी साठवलं आणि त्यात जिलेबीचा केशरी रंग कालवला. सकाळी पाणी थोडं उतरलं होतं. पण ते वाफेने की झिरपून, हे माझी मोरी सांगू शकत नव्हती. ते सांगणारं छत माझ्या घरात नव्हतं. मंगळवारी मी खाली गेले, मासींशी अर्धा तास बोलत बसले आणि मधूनमधून वर पाहिलं. काही नव्हतं. जिना चढताना मला झालेला आनंद आठवला की आजही ओशाळायला होतं.

शुक्रवारी सकाळी मासींनीच बेल वाजवली. डागाची कड केशरी झाली होती. त्यांचं निदानही तयार होतं: ''सळियानो काट लागे छे.'' स्लॅबमधल्या सळ्यांना गंज चढलाय, इमारतच जुनी, कुणाचा काय दोष. मला काहीच बोलावं लागणार नव्हतं. खोटं तर मुळीच नाही, फक्त मान हलवायची होती. मी मान हलवली नाही, पण खरंही बोलले नाही. ''बघते,'' म्हटलं आणि दार लावलं. संध्याकाळी सहाला खाली जाऊन सांगितलं. मधल्या आठ तासांत मी नेमका काय विचार केला, ते इथे लिहावं एवढा उमदेपणा माझ्यात नाही.

प्लंबरने तीनच फरश्या काढल्या. नहाणी ट्रॅप आणि पाइप यांचा जोड सुटला होता. छत पूर्ण सुकल्यावर, जानेवारीत, मी मासींच्या हॉलला रंग काढून दिला. रंगारी काम करत असताना आम्ही दोघी स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो. मासी बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मग म्हणाल्या, ''तो मंगळवारे तमे छत जोवा आव्यां हतां?''

मी हो म्हटलं. त्यांना वाटलं होतं, मी गुडघ्याची विचारपूस करायला आले होते.