जाऊन-येऊन घेतलेली विद्या

विद्या सहवासाने येते की नुसत्या अध्ययनाने, हा प्रश्न आपल्याकडे पुरातन असला तरी तो प्राचीन गुरुगृहांच्या संदर्भातच विचारण्याचा प्रघात पडला आहे, आणि त्यामुळे ज्यांना तो आज खरोखर भेडसावतो ते, म्हणजे सकाळी घरची पोळीभाजी डब्यात घालून गाडी गाठणारे आणि दुपारी शेवटचा तास सुटताच परतीच्या गाडीमागे धावणारे विद्यार्थी, या चर्चेच्या बाहेरच राहतात. लोणी काळभोरात राहून या प्रश्नाचा विचार करू लागले म्हणजे मात्र त्यांना वगळता येत नाही. हे गावच ये-जा करणाऱ्यांच्या वाटेवर वसले आहे. पुणे-दौंड लोहमार्ग येथून जातो, सोलापूरचा हमरस्ता येथून जातो, इंधनकंपन्यांच्या डेपोंबाहेर टँकरांच्या रांगा लागलेल्या असतात, आणि ज्येष्ठ वद्यात पुण्याहून निघालेली तुकोबांची पालखी हडपसरला माउलींच्या वाटेपासून वेगळी होऊन मुक्कामाला येते ती याच गावी.

आमच्या परिचयातील येथल्याच एका तरुणाने पुण्यातील एका महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतली. गुण वाईट नाहीत, दाखले सर्व हाती आले आहेत, एके ठिकाणी नोकरीचेही जमत आले आहे. तरीसुद्धा, अभिनंदन करायला गेलेल्या माणसाला ओशाळे वाटावे इतक्या निरुत्साहाने तो म्हणाला, ‘काका, मी तिथं शिकलो असं म्हणू नका, तिथून पास झालो म्हणा.’ खोदून विचारल्यावर त्याने जी हकीगत सांगितली तीत अन्याय, अपमान किंवा लबाडी यांपैकी काहीच नव्हते, आणि म्हणूनच ती मला अधिक गंभीर वाटली. दुसऱ्या वर्षी त्याला कावीळ झाली आणि तो पंधरवडाभर अंथरुणाला खिळला. बरा होऊन वर्गात गेला तेव्हा बाकावर नित्य शेजारी बसणाऱ्या मुलाने वही पुढे सरकवीत विचारले, ‘काल तू नव्हतास का रे?’ कार्यालयाने तेवढी त्याची गैरहजेरी बिनचूक टिपली होती: हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेल्याने डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज करावा, असा शेरा त्याच्या नावासमोर पडला होता.

त्याच पंधरवड्यात त्याच्या घरी कोण आले, तेही ऐकण्यासारखे आहे. उरुळीहून भाजीच्या पाट्या घेऊन पुण्याला जाणाऱ्या एक बाई दौंडच्या शटलमध्ये रोज त्याच्यासाठी जागा धरीत. चार-पाच दिवस पोरगा लोणीला चढला नाही असे पाहून त्यांनी डब्यातल्या दुसऱ्या पासवाल्याकडून त्याचा पत्ता काढला, आणि एका दुपारी परतताना लोणीला उतरून, काविळीला ऊस चांगला म्हणून सोललेल्या कांड्या फडक्यात बांधून, त्या दारात उभ्या राहिल्या. ‘जागा किती दिवस धरायची, ते विचारायला आले,’ असे त्या म्हणाल्या म्हणे. त्या तरुणाच्या तोंडून तीन वर्षांच्या विद्यार्थिदशेतील एकच प्रसंग आपलेपणाने आला, आणि तो महाविद्यालयातला नव्हता.

या निराशेला कृतघ्नता म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. अभ्यासक्रम पुरा झाला, परीक्षा वेळेवर झाल्या, पदवी मिळाली. ठरलेल्या करारापैकी काय राहिले? कराराच्या भाषेत पाहिले तर काहीच राहिले नाही. शिवाय शास्त्राचा आधार घेऊनही त्याला गप्प बसवता येईल: गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत एकांतस्थळाची आवड आणि जनसमुदायाविषयी अप्रीती ही शेजारी शेजारी येतात, तेव्हा मुकाट्याने जाऊन मुकाट्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला साधकाची स्थिती अनायासे लाभली असे समजून त्याने समाधान मानावे. परंतु ही पळवाट आहे. त्याच अध्यायात, त्याच यादीत, आचार्यांची उपासनाही सांगितली आहे, आणि ज्ञानेश्वरांनी त्या एका पदावर केवढा विस्तार केला आहे हे ज्ञानेश्वरी उघडणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. एकांत हा ज्याला संग मिळाला आहे त्यानेच स्वखुशीने पत्करायचा असतो.

मग संगासाठी निवास हवा काय? नाथांची कथा पाहिली तर उत्तर होकारार्थी वाटते. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, एकनाथ त्यांच्या घरी राहून दफ्तराचा जमाखर्च पाहणारे. एका रात्री हिशेबात एका पैची चूक निघाली, ती शोधता शोधता रात्र सरत आली, आणि सापडताच नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. त्या टाळीने गुरू जागे झाले आणि म्हणाले, एका पैसाठी जी एकाग्रता लावलीस ती ईश्वराकडे लाव. कीर्तनकार ही कथा एकाग्रतेचा महिमा म्हणून सांगतात, ते योग्यच आहे. पण माझे लक्ष जाते ते टाळी ऐकू येण्याच्या अंतरावर गुरू निजले होते याकडे. आमच्या पदवीधराने ताळेबंदातली चूक रात्री लोणीत शोधली असती तर तिची टाळी कोणाला ऐकू जाणार होती? दुसऱ्या दिवशी ती अध्यापकांना सांगावी म्हटले, तर तासिका तत्त्वावर नेमलेले ते गृहस्थ घंटा होताच पुढच्या महाविद्यालयातला तास गाठण्यासाठी मोटारसायकल सुरू करीत असलेले दिसतात. तेही बिचारे जाऊन-येऊनच शिकवणारे.

पण ज्यांची पालखी या गावी उतरते त्या तुकोबांचे चरित्र नेमकी उलट साक्ष देते. बाबाजी चैतन्यांचा उपदेश त्यांना झाला तो माघ शुद्ध दशमीस, आणि तोही स्वप्नात. गुरूच्या घरी एक दिवसही राहण्याचे त्यांच्या वाट्याला आले नाही, त्यांचे चिंतन भामचंद्राच्या आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर एकट्याने झाले. तरीही ते एकाकी राहिले नाहीत, कारण डोंगरावरून देहूत उतरल्यावर मागे धरायला टाळकरी होते आणि शब्द लिहून घ्यायला संताजी जगनाडे होते. या संप्रदायाने आपल्या अनुयायाला घर सोडून मठात राहायला कधीच सांगितले नाही. शेत, दुकान, संसार सांभाळून नेमाने वारीला यावे आणि परत जावे, हीच त्याची रीत. वारकरी हा मुळातच जाऊन-येऊन असणारा भक्त आहे, आणि तरीही त्याच्याइतका संग क्वचितच कोणाला लाभत असेल. तेव्हा वसतिगृह नसणे हे निराशेचे कारण म्हणून पुरत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या बोर्डिंगात नाना जातींची मुले एकत्र राहून एकत्र जेवू लागली, ही गोष्ट कोणत्याही धर्मसुधारणेच्या तोडीची होती. पण ती निव्वळ निवासामुळे झाली नाही, एका पंक्तीला बसवण्याचा कोणीतरी आग्रह धरला होता म्हणून झाली.

असा आग्रह आपल्या विद्यापीठांच्या आराखड्यात आरंभापासून नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था म्हणून. १९४९ साली पुण्याला विद्यापीठ झाले तरी संलग्न महाविद्यालयांची चौकट राहिलीच. विद्यार्थी कुठून येतो, कुठे जातो आणि मध्ये कोणाशी बोलतो, याची तसदी त्या दफ्तराला कधी पडली नाही.

पालखी मुक्कामाला येते तेव्हा चालणारे जसे लागतात तसे स्थिर राहणारेही लागतात. लोणीतली घरे त्या दिवशी भाकऱ्या आणि पिठले रांधतात, अंगणे झाडून देतात, पाय चेपायला बसतात. आलेला मनुष्य कोण, कुठला, पुन्हा दिसेल की नाही, हे कोणी विचारीत नाही, पण यजमानपण कोणाकडे आहे याविषयी संशय नसतो. त्या महाविद्यालयात तीन वर्षे सगळेच पाहुणे होते: मुले, अध्यापक, आणि बदलीची वाट पाहणारे कारकूनही. दोष कोणा एकाचा काढता येत नाही, आणि मला वाटते त्या तरुणाच्या निराशेला राग न येता मरगळ आली ती याच कारणाने.

सासवडच्या वाटेने जाणाऱ्या माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली ती शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी, आणि त्या शिस्तीत तक्रारीचीही सोय आहे. सायंकाळी समाज आरतीसाठी दिंड्या तळावर पालखीभोवती उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर चालू असतो, चोपदार चोप उंचावतो आणि हजारोंचा तो समुदाय एकदम निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवीत राहते. चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो. मग दिवसभरात हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, आणि त्यानंतर आरती. देवासमोर, आरतीच्या आधी, सर्वांच्या देखत तक्रार करणे ही त्या समाजात बेअदबी समजत नाहीत. तक्रार करणारा आपलाच आहे हे तिथे आधीच मान्य झालेले असते.

मी त्या तरुणाला विचारले, तुमच्या महाविद्यालयात गाऱ्हाणे सांगायची काही सोय नव्हती काय. होती, तो म्हणाला. जिन्याजवळ तक्रारपेटी होती. तिच्यात चिठ्ठी टाकताना आपले नाव लिहू नये, अशी सूचना पेटीवरच रंगवलेली होती, आणि त्याची तर एकच तक्रार होती, की आपले नाव तिथे कोणाला माहीत नाही.