कच्चा डाख

हाताला एखादे काम न येणे ही केवळ उणीव आहे की तो दोष आहे, असा प्रश्न आम्हांस गेल्या हिवाळ्यापर्यंत कधी पडला नव्हता. पुस्तकी विद्येवर ज्यांचा चरितार्थ चालतो, त्यांच्यापुढे असले प्रश्न सहसा उभे राहत नाहीत.

आमच्या पुतण्यास रेडिओच्या साहाय्याने उडणारे छोटे विमान करण्याचा नाद आहे. त्यातील तारांना डाख देण्याचे काम आम्ही हौसेने पत्करले. शास्त्र आम्हांस पाठ होते. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचा मिश्रधातू १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. राळेमुळे तांब्यावरील ऑक्साइडचा थर निघून जातो. हे सारे आम्ही पुतण्यास मोठ्या ऐटीत समजावून सांगितले. परंतु प्रत्यक्षात डाखाचा थेंब आळवाच्या पानावरील पाण्यासारखा तारेवरून गडगडू लागला. पाच-सहा संध्याकाळी बोटे भाजून घेतल्यावर एक जोड कसाबसा बसला. तो चकचकीत नव्हता; करडा व खरबरीत दिसत होता. मनात शंका आली, तरी आम्ही म्हणालो, "झाले रे काम!"

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरील माळावर विमान उडाले, क्षणभर डौलाने वळले आणि एकाएकी मुके होऊन कोसळले. शेळ्या राखणारा एक पोरगा तेथून चार पावलांवर उभा होता. दैव बलवत्तर म्हणून त्यास काही झाले नाही. बॅटरीची तार सुटली होती. पुतण्या रडवेला होऊन म्हणाला, "काका, माझंच काहीतरी चुकलं असणार." आणि आम्ही गप्प राहिलो! रात्री जेवण गोड लागेना, तेव्हा कोठे त्यास खरे सांगितले.

पुढे आम्ही गुजरीतील एका वृद्ध सोनाराकडे गेलो. त्यांचा डाख निराळा. राळेऐवजी टाकणखार, आणि आच फुंकणीची. तरी आमची खटपट पाहून ते हसले. "मास्तर, डाख कशाला तापवताय? जोड तापवा की. आच जिकडं, डाख तिकडं." आम्ही वाचले होते तेच हे, पण वाचलेले हातात उतरले नव्हते.

कोणी म्हणेल, ज्याचे काम त्याने करावे. विद्वानाने लोखंड का तापवावे? हे म्हणणे अगदीच खोटे नाही. कौशल्य नसणे ही उणीवच होय, आणि तिची लाज बाळगण्याचे कारण नाही. दोष आहे तो शंका असता "झाले" म्हणण्यात. आमच्या पांढरपेशा व्यवहारात हा दोष सहज लपतो. कच्चे मत, अर्धवट तपासलेला कागद, न वाचता दिलेला अभिप्राय यांचे जोड सुटावयास वर्षे लागतात. आणि सुटले तरी पोरगा कोणाचा व जोड कोणाचा, हे कोणी विचारीत नाही. कारागिरास ही सवलत नसते. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली स्वतःचा कॅमेरा सिद्ध केला, आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' हा मूकपट लोकांपुढे आला. कॅमेऱ्याचे चक्र नीट फिरले नाही, तर पडद्यावरील चित्र ते लपवीत नाही. वस्तूपुढे वक्तृत्व चालत नाही. हस्तकौशल्याची नैतिक थोरवी आम्हांस यातच दिसते.

आता आमचा डाख बरा बसतो. तरीही विमान उडविण्यापूर्वी पुतण्या आमचा प्रत्येक जोड ओढून पाहतो. पहिल्यांदा ते आम्हांस झोंबले होते. हल्ली तो विसरला, तर आम्हीच आठवण करून देतो.