मर्यादेतून आलेला वेग

‘स्पेस इन्व्हेडर्स’ आज कुणालाही ब्राउझरमध्ये खेळता येतो. दोन बाण सरकायला, स्पेसबार गोळीला. वर पाच रांगांत ५५ आक्रमक, खाली चार आडोसे आणि त्यांच्यामागे आपली एकुलती तोफ. आक्रमक आडवे सरकतात, कडेला टेकले की एक पायरी उतरतात आणि उलटे फिरतात. सोबत चार खर्जातल्या सुरांचे आवर्तन. खेळाची सगळी सामग्री एवढीच. मग हात का थरथरतो?

याचे उत्तर यंत्राच्या दुबळेपणात आहे. जपानच्या टाइटो कंपनीतल्या तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली हा खेळ रचला, तो इंटेल ८०८० या प्रोसेसरवर. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे उमटत, आणि प्रत्येक चित्रात तो एकाच आक्रमकाला हलवू शके. सगळे ५५ जिवंत असताना प्रत्येकाची पाळी जवळजवळ सेकंदाने येई. ते मरू लागले की पाळी लवकर येई, आणि शेवटचा उरलेला तर दर चित्रागणिक धावे. यंत्रावरचा भार हलका होतो आणि खेळणाऱ्याचा वाढतो. आपल्या प्रत्येक अचूक गोळीने विलंबित लय द्रुत होत जाते.

पुराणातला रक्तबीज थेंबागणिक संख्येने वाढे. इथे संख्या घटते आणि उरलेल्यांचे बळ वाढते, आणि मला हे अधिक भयंकर वाटते. एकटा उरलेला शत्रू सर्वांत अवघड. तोही मेला, तर नवे ५५ येतात, आधीपेक्षा खाली. या खेळात विजय नाही, फक्त टिकणे आहे.

ओवीचा बंध कवी स्वतः स्वीकारतो. निशिकादोंवर बंध लादला गेला होता. पण हा वेग दोष म्हणून दुरुस्त करणे त्यांना शक्य होते, आणि त्यांनी तो तसाच राहू दिला. नवनिर्मितीइतकीच प्रतिभा अशा ओळखण्यालाही लागते, असे मी मानतो. हाताशी आलेला अपघात आपल्या रचनेचा प्राण आहे, हे कळायला मन शांत असावे लागते.

अशीच दुसरी अट गोळीची. पडद्यावर आपली एकच गोळी असू शकते. ती लागल्याशिवाय किंवा वर नाहीशी झाल्याशिवाय दुसरी सुटत नाही. नेम चुकला की वाट पाहावी लागते, आणि तेवढ्यात ते आणखी जवळ येतात. आडोशाआडून घाईने झाडलेली गोळी तर आपलाच आडोसा पोखरते.

आजच्या फोनला ५५ चित्रे हलवण्यात काहीच कष्ट नाहीत. म्हणून ऑनलाइन नकलांमध्ये तो वेग मुद्दाम लिहावा लागतो. काही नकलांत गोळ्यांचा अखंड मारा करता येतो. तिथे प्रतीक्षा संपते आणि तिच्याबरोबर खेळही. इम्युलेटरचे तसे नाही. तो १९७८ची मूळ आज्ञावली जशीच्या तशी चालवतो, जुन्या प्रोसेसरच्या चालीने. त्या संथपणात निशिकादोंचा निर्णय अजून शाबूत आहे.

हा खेळ पहिल्यांदाच खेळणार असाल, तर चकचकीत नक्कल टाळा आणि मूळ आज्ञावली चालवणारी प्रत शोधा.