घरची भट्टी व परका हात

मनुष्यानें स्वतःच्या हातानें केलेलें अन्न परक्याच्या हातच्या अन्नापेक्षां अधिक चांगलें असतें, ही समजूत फार जुनी आहे. आणि जुन्या समजुती टाकल्याचा ज्यांना अभिमान वाटतो, त्यांच्याही मनांत ती नव्या वेषानें नांदत असते. आमच्या मनांत ती कशी नांदत होती, हें गेल्या हिवाळ्यांत आम्हांला एका भट्टीनें दाखविलें. ग्रंथांच्या आधारें नीतीची चर्चा करण्यांत आमचें आयुष्य गेलें. विटामातीच्या आधारें ती करण्याचा हा पहिलाच प्रसंग. तेव्हां वाचकांनीं थोडें सांभाळून घ्यावें, एवढीच विनंति.

एरंडवण्यांतील आमच्या जुन्या घरामागें थोडी मोकळी जागा आहे. तेथें विटांची घुमटाची भट्टी बांधून तींत घरचा पाव भाजावा, असा विचार आमच्या मुलीनें काढला व आम्हीं तो उचलून धरला. बाजारच्या पावांत काय घालतात कोण जाणे, तो कोठें आणि कोणाच्या हातून होतो हें कोणी पाहिलें आहे, अशीं वाक्यें त्या दिवसांत आमच्या घरांत वरचेवर ऐकूं येत. या वाक्यांकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें. पुढें त्यांच्याकडे परत यावयाचें आहे.

अशा भट्टीचें शास्त्र साधें पण नेमकें आहे. तिच्यांत विस्तव व पाव एकाच जागीं, पण निरनिराळ्या वेळीं असतात. आधीं दोन-तीन तास तिच्या पोटांत लाकडें जाळावयाचीं. विटा ती उष्णता शोषून घेतात. मग निखारे ओढून काढून, तळ पुसून, विटांनीं सांठविलेल्या त्या उष्णतेवर पाव भाजावयाचा. तळाच्या विटा त्याला खालून भाजतात, घुमट वरून आंच परतवितो. प्रथम घुमट काजळीनें काळा पडतो, आणि विटा पुरेशा तापल्या म्हणजे तीच काजळी जळून जाऊन तो पुन्हां उजळतो. भट्टी तयार झाल्याची हीच खूण. दाराची उंची घुमटाच्या आंतील उंचीच्या शेंकडा ६३ च्या आसपास असावी, असा बांधणारांचा आडाखा आहे. दार याहून फार उंच केलें तर उष्णता निसटते, फार ठेंगणें केलें तर जाळ नीट पेटत नाहीं. आमच्या भट्टीचा आंतला व्यास ३ फूट व उंची १८ इंच. म्हणून दार ११ इंचांहून किंचित् अधिक ठेवावयाचें ठरलें. सिमेंट त्या आंचेंत टिकत नाहीं, म्हणून सांध्यांसाठीं विस्तवाला टिकणारी माती आणली.

हें सर्व आम्हीं पुस्तकांतून टिपून घेतलें, कागदावर आकृति काढली, आणि सुटीच्या दिवसांत, कोणाचीही मदत न घेतां, बांधावयास बसलों. चवथ्या थरापर्यंत काम उत्तम चाललें. पांचव्या थराला विटा आंत इतक्या झुकूं लागल्या कीं, एक बसवावी तों दुसरी घसरावी. आणि तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं सगळें बांधकाम आंत कोसळलें. त्या आवाजानें शेजारचे गृहस्थ गच्चीवर आले, क्षणभर पाहत राहिले, व कांहीं न बोलतां परत गेले. त्यांचें तें न बोलणें आम्हांला फार लागलें.

नाइलाजानें एका गवंडी मिस्त्रींना बोलाविलें. ते विजापूरकडचे, वयानें आमच्याहून चार-पांच वर्षांनीं वडील, आणि उमेदीचीं सारीं वर्षें पुण्यांतील घरें बांधण्यांत घालविलेले. त्यांनीं पडलेल्या विटा पाहिल्या, आमची आकृति उलटसुलट करून पाहिली, आणि हंसून म्हणाले, “सर, चित्र बरोबर आहे. पण वीट एकटी उभी राहत नाहीं. कडं मिटेपर्यंत तिला धरावं लागतं. कडं मिटलं, कीं मग तिला तुमचा हात नको.”

घुमटाचें सारें मर्म एवढ्यांत आलें. थर अपुरा असेल तर त्यांतील प्रत्येक वीट पडावयास टपलेली असते. तोच थर वाटोळा पुरा झाला, कीं विटा एकमेकींना बाजूंनीं दाबून धरतात, व वरचें काम व्हावयाचें राहिलें असलें तरी तो ढळत नाहीं. मिस्त्रींच्या मुलखांतील गोलघुमट, १६५६ च्या सुमाराचा आणि आंतून सुमारें १२४ फूट व्यासाचा, मध्यें एकही खांब न घेतां उभा आहे. आमच्या भट्टीसाठीं मिस्त्रींनीं ओल्या वाळूचा घुमटाच्या आकाराचा ढीग रचला, त्यावर एकेक कडें मिटवीत विटा चढविल्या, आणि सांधे धरल्यावर ती वाळू दारांतून उपसून काढली. चार दिवसांत काम झालें. पुढें आठवडाभर रोज थोडा थोडा जाळ करून आम्हीं तें सुकविलें.

यापुढील हकीकत समजण्यास पुण्याचें व पावाचें जुनें नातें ध्यानांत घेतलें पाहिजे. पाव हा शब्दच पोर्तुगीज. गोव्यांत सासष्टीच्या ख्रिस्ती पोदेरांनीं हा धंदा वाढविला. माडाच्या सुरेनें पीठ आंबवावयाचें व घुमटाच्या भट्टींत भाजावयाचें, ही त्यांची रीत. परधर्मीयाच्या हातचा व सुरेनें फुगविलेला म्हणून तो आमच्या घरांतून बाहेर राहिला. विहिरींत पाव टाकून गांवें बाटविल्याच्या कथा कोंकणांत व वसईकडे सांगत आल्या आहेत. त्यांत खरें किती, हा प्रश्न निराळा; पण कथा खरी धरली तरी त्या गांवाला बाटविलें कोणी? पाव तर पाण्यांत विरून गेला असेल. तें पाणी प्यालेल्यांना परत न घेणारे लोक मात्र विरले नाहींत. आमच्या आजीच्या हयातींत पाव घरीं येई तो आजाऱ्यासाठीं, डॉक्टरांनीं सांगितला म्हणून. आणि तोही स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर राही.

खुद्द पुण्याची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजीं पंचहौद मिशनमध्यें शहरांतील कांहीं प्रतिष्ठित मंडळी जमली असतां त्यांच्यापुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. कांहींनीं तीं घेतलीं, कांहींनीं घेतलीं नाहींत. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत प्रसिद्ध केलीं, आणि शहरांत ग्रामण्य माजलें. १८९२ सालीं प्रकरण शंकराचार्यांनीं नेमलेल्या पंचांपुढें चाललें. टिळक व रानडे यांच्यासारख्या पुरुषांनाही या चहापायीं प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करावा लागला. हा प्रसंग आम्ही वर्गांत दरवर्षीं सांगतों. विद्यार्थी हंसतात, आम्हीही हंसतों. त्यापूर्वीं बावीस वर्षें, १८६८ सालीं, याच शहरांत जोतीराव फुल्यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता, हें सांगतांना मात्र वर्ग गंभीर होतो.

आतां त्या वाक्यांकडे वळूं. “कोणाच्या हातून होतो हें कोणी पाहिलें आहे?” हें वाक्य आमच्या आजीनें जसेंच्या तसें उच्चारलें असतें. फरक इतकाच कीं, ती त्याला सोंवळें म्हणाली असती. आम्ही आरोग्य म्हणतों. अन्नाच्या स्वच्छतेविषयीं काळजी बाळगणें गैर आहे, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. परंतु या दोहोंत भेद आहे, व तो ओळखण्याची कसोटीही सोपी आहे. हात धुतला होता का, असें स्वच्छता विचारते. हात कोणाचा होता, असें सोंवळें विचारतें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर साबणानें बदलतें, दुसऱ्याचें कशानेंही बदलत नाहीं. आमचीं वाक्यें या कसोटीला लावून पाहिलीं, तेव्हां तीं कोणत्या बाजूला पडलीं, हें सांगण्याची आम्हांला लाज वाटते.

यावर कोणी म्हणेल, स्वतःच्या श्रमानें स्वतःची भाकरी मिळविण्यांत तर मोठें पुण्य आहे. टॉल्स्टॉयनें तेंच सांगितलें व गांधीजींनीं तें उचललें. खरें आहे. परंतु गांधीजींच्या आश्रमाच्या एकादश व्रतांत शरीरश्रम जसा आहे, तसेंच अस्पृश्यतानिवारणही आहे, ही गोष्ट आम्ही सोयीस्करपणें विसरतों. पहिलें व्रत दुसऱ्यावांचून घेतलें, तर तें श्रमाचें सोंवळें होतें. दुसऱ्याच्या श्रमांत वांटेकरी होण्यासाठीं श्रम करणें निराळें, आणि दुसऱ्याचा हात लागूं नये म्हणून श्रम करणें निराळें. दोन्हींत घाम तोच येतो, म्हणून गफलत होते. आमची भट्टी दुसऱ्या प्रकारची होती. ती पडली हें एका दृष्टीनें बरेंच झालें. नाहींतर ‘हें सर्व आम्हीं स्वतः केलें’ असें आम्ही जन्मभर सांगत बसलों असतों, आणि विटा कोणी भाजल्या, वाळू कोणी उपसली, लाकडें कोणी फोडलीं, हें आम्हांला आठवलेंही नसतें.

पहिला पाव भाजावयाचा ठरला, त्या रविवारीं मिस्त्रींना मुद्दाम बोलाविलें. ते स्वच्छ सदरा घालून आले व मागच्या पायरीवर बसले. दोन तास जाळ झाला, घुमट काळ्याचा पांढरा झाला, निखारे काढले, पाव आंत गेले. घरांतून चहा आला. आमचा चिनीमातीच्या कपांत. मिस्त्रींचा, मागच्या खिडकीच्या कठड्यावर पालथा ठेविलेला असतो त्या स्टीलच्या पेल्यांत. हा पेला तेथें कित्येक वर्षें आहे. रंगारी, सुतार, माळी, जो कोणी कामाला येईल त्याला चहा त्यांत मिळतो, आणि तो आपला आपण विसळून पुन्हां पालथा घालून जातो. मिस्त्रींनींही चार दिवस तसेंच केलें होतें. आम्हीं तें पाहिलें होतें, पण आमच्या लक्षांत आलें नव्हतें.

त्या दिवशीं मुलीच्या लक्षांत आलें. ती उठून आंत गेली व दुसरा कप घेऊन आली. मिस्त्री म्हणाले, “असूं द्या ताई, मला हाच बरा.”

पंचहौदाच्या चहाची गोष्ट पुन्हां वर्गांत पूर्वीसारखी हंसून सांगणें आम्हांला आतां शक्य नाहीं. १८९२ सालीं निदान आरोप होता, आरोपी होते, पंच होते. आमच्या कठड्यावरील पेल्याला यांपैकीं कांहींच नव्हतें. तो ठेवा असें आम्हीं कधीं सांगितलें नव्हतें. उचला असेंही कधीं म्हटलें नव्हतें. ज्या अन्यायाची आज्ञा कोणींच दिली नाहीं, त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आम्हीं परीक्षेंत अनेकदां घातला असेल. उत्तर आतां आम्हांला ठाऊक आहे. मनुष्य जसें वारंवार वागतो तसा तो बनतो, हें अॅरिस्टॉटलचें मत आम्ही पसंत करीत आलों आहों. तें चांगल्या संवयींना लागू करावयाचें व वाईट संवयींना ‘घरची रीत’ म्हणून सोडून द्यावयाचें, हें न्यायाचें नव्हे. आजीच्या सोंवळ्याला नांव होतें, म्हणून त्याच्याशीं भांडतां येत असे. आमच्याला नांव नव्हतें, म्हणून तें अधिक टिकलें.

येथें एक आक्षेप आमचा आम्हांलाच सुचतो. पेला बदलून काय होणार? एका पंक्तीला बसून जाति मोडत नाहीं, हें डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालींच आपल्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या प्रबंधांत बजावून ठेविलें आहे. मिस्त्रींना कोठें घर मिळतें, त्यांच्या नातवाला कोणती शाळा मिळते, हे प्रश्न कपबशीनें सुटणारे नाहींत. उलट कप बदलल्याच्या समाधानांत ते विसरले जाण्याचा धोका आहे. आक्षेप आम्हांला मान्य आहे. पण त्यावरून पेला होता तेथेंच राहूं द्यावा, असें निष्पन्न होत नाहीं. मोठें काम हातून होत नाहीं म्हणून लहान अन्याय चालूं ठेवणें, ही विद्वानांची आवडती पळवाट आहे, आणि आम्ही तिच्यावरून पुष्कळदां गेलेलों आहों.

भट्टीनें आणखी एक गोष्ट शिकविली. एका कुटुंबाच्या दोन पावांसाठीं तिच्यांत लाकडें जाळणें हा अपव्यय आहे. आणि तिचा धूर कुंपण ओळखीत नाहीं. २०२५ च्या जानेवारींत मुंबई उच्च न्यायालयानें मुंबईंतील लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांच्या आंत गॅससारख्या इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. ज्यांचें पोट भट्टीवर आहे त्यांना हा नियम, आणि आम्ही हौसेनें धूर करणार, हें मनाला पटेना. म्हणून महिन्यांतून एकदांच, तीही शेजाऱ्यांना विचारून, भट्टी पेटवावयाची, आणि एका तापांत गल्लीला पुरतील इतके पाव भाजावयाचे, असें ठरविलें. जे गृहस्थ गच्चीवरून न बोलतां परत गेले होते, ते आतां आपलें पीठ मळून घेऊन येतात. घरची म्हणून बांधलेली भट्टी अशा रीतीनें फारशी घरची उरली नाहीं.

तो पेला आम्हीं टाकून दिला नाहीं. घरांतील इतर पेल्यांत मिसळून टाकला. आतां तो नेमका कोणता, हें आम्हांलाही ओळखूं येत नाहीं. गेल्या महिन्यांत भट्टीच्या दाराशीं एक भेग पडली, म्हणून मिस्त्री आले होते. चहा आम्हीं बरोबर बसून, एकसारख्या कपांतून घेतला. बोलणीं झालीं, ते उठले. आम्ही पोंचवावयास फाटकापर्यंत गेलों व परत आलों, तों त्यांचा कप विसळून कठड्यावर पालथा घातलेला. संवय दोन्ही बाजूंना मुरलेली आहे; पण ती लावली आमच्या बाजूनें, तेव्हां मोडावयाचीही आमच्याच बाजूनें. आम्हीं तो कप उचलून आंत नेला. पुढच्या खेपेलाही तो बहुधा उचलावा लागेल.